मैलापाण्याची साक्ष

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ब्युबॉनिक प्लेगचे निदान केले, तेव्हा पालिकेचा पहिला संशय गटारांवर गेला. घाणीतून उठणारी दूषित हवा रोग पसरवते, ही समजूत तेव्हाच्या आरोग्य खात्यात अजून पक्की होती. म्हणून शहराच्या गटारांत समुद्राचे पाणी सोडले गेले, कार्बोलिक ॲसिड ओतले गेले, आणि साथ पसरतच राहिली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत पोचतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवले ते १८९८ साली, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. दरम्यान सरकारचा हात गटारांकडून माणसांकडे वळला होता. घरोघर झडत्या, रेल्वे प्रवाशांची अंगतपासणी, रुग्णाला सक्तीने इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवणे, सामान जाळणे, असा सगळा कारभार सुरू झाला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि झडत्यांना कायद्याचे बळ मिळाले. पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरे तपासली. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली.

या सगळ्याचा आरोग्याच्या दृष्टीने झालेला परिणाम तितकाच गंभीर होता, पण त्याची चर्चा कमी होते. लोकांनी आजारी माणसे लपवली, मृत्यू दडवले, गुपचूप अंत्यसंस्कार केले आणि लाखोंच्या संख्येने शहर सोडले. ज्या नोंदीसाठी माणूस पकडावा लागतो, त्या नोंदीपासून माणूस पळतो, आणि मग नोंदही खोटी ठरते. साथीच्या इतिहासातला हा पेच फार जुना आहे: रोग कुठे आहे हे कळल्याशिवाय तो थांबवता येत नाही, आणि तो शोधण्याची रीत जाचक असेल तर तो दिसतच नाही. विसाव्या शतकात या पेचातून निघण्याची एक वाट सापडली, आणि ती सापडली १८९६ साली ज्यावर आरोप ठेवला होता त्याच गटारात. सांडपाणी तपासून विषाणूचा माग काढण्याचा हा इतिहास बहुधा प्रयोगशाळेच्या प्रगतीची कथा म्हणून सांगितला जातो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. या रीतीचे मोल ती काय शोधते यात जितके आहे, तितकेच ती कुठे थांबते यातही आहे. ती वस्तीपर्यंत येते आणि घराच्या उंबऱ्याशी थांबते, म्हणूनच तिच्यापासून लपण्याचे कारण कोणाला उरत नाही. मात्र हे थांबणे पाण्याच्या स्वभावात नाही. ते माणसांना ठरवावे लागते, आणि इतिहासात ते नेहमी ठरवले गेलेले नाही.

ही रीत जन्माला आली तीच मुळी घरापर्यंत पोचण्यासाठी. विषमज्वर हा आजारी माणसाच्या आतड्यातून बाहेर पडून गटारे आणि विहिरींवाटे दुसऱ्यापर्यंत जातो, हे विल्यम बड या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मांडले होते. जंतू सापडायच्या कितीतरी आधी. पुढे जंतू सापडला, आणि त्याबरोबर एक अस्वस्थ करणारी गोष्टही उघड झाली: बरा झालेला, धडधाकट दिसणारा माणूस वर्षानुवर्षे तो जंतू बाहेर टाकत राहू शकतो. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण मेरी मॅलन हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १९०७ मध्ये तिला पकडून एका बेटावर ठेवले, १९१० मध्ये सोडले, आणि १९१५ मध्ये पुन्हा पकडल्यावर १९३८ साली मरेपर्यंत ती तिथेच राहिली. असे रोगवाहक शोधायचे कसे, हा त्या काळच्या आरोग्य अधिकाऱ्यांपुढचा मोठा प्रश्न होता. १९२८ साली बेलफास्टमध्ये डब्ल्यू. जेम्स विल्सन यांनी शहराच्या सांडपाण्यातून विषमज्वराचे जंतू वेगळे काढून दाखवले. शहरात रोगवाहक आहेत हे आता पाण्यावरून सांगता येऊ लागले.

पुढची पायरी ब्रेंडन मूर यांनी १९४० च्या दशकात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात गाठली. त्यांची युक्ती अगदी साधी होती. जाळीदार सुती कापडाची घडी दोरीला बांधून मॅनहोलमधून वाहत्या मैलापाण्यात सोडायची, काही दिवस तशीच ठेवायची, आणि मग काढून त्यात अडकलेले जंतू वाढवायचे. एका वेळी घेतलेल्या बाटलीभर पाण्यात जो जंतू हाती लागत नाही, तो दिवसचे दिवस पाण्यात राहिलेल्या कापडात सापडतो. मुख्य गटारात पॅराटायफॉइडचा जंतू मिळाला की वरच्या फाट्यांवर कापडे टाकायची. ज्या फाट्यात जंतू असेल त्याच्या आणखी वर जायचे. असे करत करत गल्ली आणि शेवटी घर गाठायचे. १९४८ साली त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली, आणि तिला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. तिचा उपयोग खरा होता. एखाद्या गावात वर्षानुवर्षे अधूनमधून उद्भवणाऱ्या आजाराचे मूळ एकाच माणसात असेल, तर त्याला शोधून त्याच्यावर उपचार करणे आणि त्याने दूध किंवा मिठाई हाताळू नये हे पाहणे गावाच्या हिताचेच असते. पण मनोवृत्ती मेरी मॅलनच्या काळातलीच होती: साथ म्हणजे एक दोषी माणूस, आणि गटार म्हणजे त्याच्या दारापर्यंत नेणारा रस्ता. सांडपाण्याची तपासणी निसर्गतःच सौम्य आणि निनावी असते असे म्हणणाऱ्यांनी हा आरंभ विसरू नये.

मनोवृत्ती बदलली ती पोलिओने, आणि तीही नाइलाजाने. जॉन पॉल, जेम्स ट्रॅस्क आणि त्यांचे येल विद्यापीठातले सहकारी पोलिओचा अभ्यास करत होते. १९३९ साली दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात साथ आली, तेव्हा त्यांनी तिथल्या सांडपाण्याचे नमुने घेऊन माकडांना टोचले आणि त्यात पोलिओचा विषाणू असल्याचे दाखवले. पोलिओ नाकावाटे थेट मज्जासंस्थेत जातो असे मानण्याचा तो काळ होता. विषाणू आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो हे पटायला अशा पुराव्यांनी मदत केली. पुढे जोसेफ मेलनिक यांनी १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सांडपाण्याचे नमुने वर्षानुवर्षे तपासले, साथीच्या काळात आणि साथ नसतानाही. पाण्यात मिळणारा विषाणू आणि रुग्णालयात येणारी लुळी पडलेली मुले यांची सांगड घालताना त्यांच्या लक्षात आले की एका लुळ्या रुग्णामागे लागण झालेली पण आजारी न दिसणारी माणसे शंभराहून अधिक असली पाहिजेत. पुढच्या अभ्यासांनी हे पक्के केले. पोलिओच्या पहिल्या प्रकारात साधारण दोनशे लागणींमागे एकच मूल लुळे पडते; दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत हे प्रमाण त्याहून बरेच कमी असते. म्हणजे रुग्णालयाची वही पोलिओची लागण कधीच मोजत नाही. ती मोजते फक्त लागणीचा अपघात. शिवाय इथे वर्षानुवर्षे जंतू टाकत राहणारा एखादाच दोषी नाही. शेकडो निरोगी दिसणारी मुले काही आठवडे विषाणू बाहेर टाकतात आणि थांबतात. घर गाठून उपयोगच काय? तुम्ही पोचेपर्यंत विषाणू शेजारच्या दहा घरांत जाऊन आलेला असतो. पोलिओच्या बाबतीत विचारण्याजोगा प्रश्न ‘कोण?’ हा उरला नाही. तो ‘कोणत्या वस्तीत, आणि अजून आहे का?’ असा झाला.

या बदललेल्या प्रश्नाचे बळ फिनलंडमध्ये दिसले. त्या देशात इंजेक्शनच्या लशीने पोलिओ वीसहून अधिक वर्षे हद्दपार केला होता. १९८४ च्या शेवटी तिथे तिसऱ्या प्रकारच्या पोलिओचे रुग्ण दिसू लागले. एकूण रुग्ण दहाच. पण तोवर सांडपाण्याच्या तपासणीत विषाणू अनेक ठिकाणी सापडला, आणि लागण झालेल्यांची संख्या किमान एक लाखाच्या घरात असावी असा अंदाज बांधला गेला. १९८५ च्या सुरुवातीला जवळजवळ सगळ्या देशाला तोंडावाटे लस पाजण्यात आली. दहा रुग्णांसाठी सगळा देश कशाला, असा प्रश्न रुग्णालयाच्या वहीकडे पाहून कोणालाही पडला असता. सांडपाण्याने त्या प्रश्नाला उत्तर दिले होते. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की कोणाचे मूल विषाणू टाकत होते याचा शोध घेण्याची गरज पडली नाही.

भारतात ही रीत पद्धतशीरपणे सुरू झाली ती मुंबईत, २००१ साली. तिची पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओची मोहीम चालू होती. १९९७ पासून राष्ट्रीय पातळीवर पाहणी सुरू झाली: पंधरा वर्षांखालच्या ज्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडेल, त्याच्या विष्ठेचे नमुने प्रयोगशाळेत जायचे. मुंबईत लसीकरण चांगले होते, तरी १९९९ आणि २००० मध्ये मिळून पोलिओचे तीन रुग्ण निघाले. विषाणू शहरात मुरून बसला आहे, की बाहेरून येतो आहे? तीन रुग्णांवरून हे सांगणे अशक्य होते. तेव्हा परळला हाफकिन संस्थेच्या आवारातल्या एन्टरोव्हायरस संशोधन केंद्रात जगदीश देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन जोखमीच्या झोपडपट्टी भागांतून दर आठवड्याला मैलापाण्याचे नमुने घ्यायला सुरुवात केली. प्लेगच्या साथीत उभी राहिलेली प्रयोगशाळा याच आवारात १८९९ मध्ये आली होती. पाणी आणायचे, त्यातला विषाणू रसायनांच्या मदतीने थोड्या द्रवात एकवटायचा, मग तो पेशींवर वाढवायचा. या कामात एल२०बी नावाच्या पेशी फार उपयोगाच्या: उंदराच्या या पेशींत माणसातल्या पोलिओ-ग्राहीचे जनुक घातलेले असते, त्यामुळे मैलापाण्यातल्या असंख्य विषाणूंच्या गर्दीतून त्यांच्यावर मुख्यतः पोलिओच वाढतो. त्यानंतर तो जंगली विषाणू आहे की लशीतला, हे तपासायचे, आणि जंगली असेल तर त्याच्या जनुकाचा क्रम वाचायचा.

त्या वर्षी १३७ नमुने तपासले गेले. ३५ नमुन्यांत पहिल्या प्रकारचा जंगली पोलिओ निघाला, एकात तिसऱ्या प्रकारचा. म्हणजे सुमारे दर चार नमुन्यांत एक. आणि त्याच वर्षी मुंबईत पोलिओने लुळे पडलेले मूल किती? एक. तेही ज्या विषाणूने आजारी पडले, तो विषाणू तीन महिने आधीच मैलापाण्यात दिसला होता. हे आकडे एकत्र वाचले की पहिली प्रतिक्रिया भीतीची असते: शहरभर पोलिओ फिरतो आहे आणि रुग्णालयांना त्याची कल्पना नाही. पण खरा निष्कर्ष जनुकांच्या क्रमात होता. पोलिओचा विषाणू फिरता फिरता बदलत जातो, वर्षाला साधारण एक टक्क्याने. त्यामुळे दोन विषाणूंचे नाते किती जवळचे आहे हे सांगता येते. मुंबईच्या मैलापाण्यातले विषाणू चार कुळांचे निघाले. मुंबईतल्या आधीच्या रुग्णांमधल्या विषाणूंशी त्यांचे नाते जुळत नव्हते. ते जुळत होते उत्तर प्रदेशातल्या ताज्या रुग्णांमधल्या विषाणूंशी. विषाणू वर्षभरात अनेकदा शहरात आला, थोडा काळ फिरला, आणि दर वेळी संपला.

या निष्कर्षाचे महत्त्व मला फार मोठे वाटते. मुंबईची झोपडपट्टी म्हणजे रोगाचे घर, ही समजूत प्लेगच्या काळापासून चालत आलेली आहे. सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने १८९८ पासून चाळी पाडायला सुरुवात केली ती याच समजुतीवर. २००१ च्या मैलापाण्याने, निदान पोलिओच्या बाबतीत, या वस्त्यांच्या बाजूने साक्ष दिली. इतकी दाटी, इतके उघडे नाले, आणि तरीही विषाणूला तिथे मुक्काम करता आला नाही. याचा अर्थ तिथल्या आयांनी आपल्या मुलांना डोस दिले होते आणि आरोग्यसेविकांनी काम चोख केले होते. हे कोणत्याही घराची झडती घेऊन कळले नसते. झडतीत एखादे लस न घेतलेले मूल सापडले असते, आणि सगळी वस्ती बेफिकीर ठरली असती. समूहाचे मोजमाप समूहाच्याच पाण्यातून झाले, म्हणून समूहाचे श्रेयही दिसले.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो टाळून चालणार नाही. झोपडपट्टीवरचा आरोप काढून तो उत्तर प्रदेशातून येणाऱ्या माणसांवर टाकला, एवढेच ना? मुंबईत हा प्रश्न किती ज्वालाग्राही आहे हे सांगायला नको. पण पुराव्यातून असे निघत नाही. विषाणू येण्याची वाट ही रोजगाराची वाट आहे. याच वाटेने शहर उभे राहिले आणि चालते. ये-जा दोन्ही दिशांनी होते: सुट्टीत गावी जाऊन आलेले मुंबईचे मूलही तो आणू शकते. नमुन्याने विषाणूचे मूळ सांगितले, आणणाऱ्याचे नाव सांगितले नाही. आणि मूळ कळल्याचा उपयोग असा की बळ कुठे लावायचे ते कळले. पश्चिम उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये तोंडावाटे दिलेल्या लशीचा एकेक डोस इतर ठिकाणांपेक्षा कमी लागू पडत होता. दाट वस्ती आणि मुलांना सतत होणारी हगवण ही त्याची मोठी कारणे होती. तिथल्या आईवडिलांना दोष देऊन हे सुटणार नव्हते. अधिक डोस, अधिक प्रभावी लस आणि प्रत्येक फेरीत प्रवासात असलेल्या मुलांपर्यंत पोचणे, हा उपाय होता. स्टेशनांवर आणि बसथांब्यांवर पोलिओचे बूथ उभे राहिले ते याच विचारातून. मैलापाण्याच्या साक्षीचा गैरवापर करून कोणावर बोट दाखवता येते, हे मी नाकारत नाही. पण त्या साक्षीत तसे बोट नाही, आणि जे त्यात नाही ते तिच्या नावावर खपवू देऊ नये.

पुढच्या दशकात या कामाचे दुसरे मोल दिसले. देशात २००९ साली पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० साली ४२. आणि १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी आजारी पडली, ती भारतातली जंगली पोलिओची शेवटची रुग्ण ठरली. रुग्ण नाही, एवढ्यावरून विषाणू नाही असे म्हणता येत नाही, हे मेलनिक यांच्या काळापासून माहीत होते. म्हणून मुंबईपाठोपाठ दिल्ली, पाटणा, कोलकाता आणि इतर ठिकाणी सुरू झालेली मैलापाण्याची तपासणी निर्णायक ठरली. मुंबईच्या पाण्यात जंगली पोलिओ शेवटचा दिसला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. त्यानंतर आठवड्यामागून आठवडे नमुने येत राहिले, आणि त्यांत तो नव्हता. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या निर्णयामागे या रिकाम्या निघालेल्या नमुन्यांचेही वजन होते. पुढे एप्रिल २०१६ मध्ये तोंडी लशीतून दुसऱ्या प्रकारचा घटक काढून टाकण्यात आला, आणि लगेच हैदराबादच्या मैलापाण्यात लशीतूनच बदलत गेलेला दुसऱ्या प्रकारचा विषाणू सापडला. एकही मूल लुळे पडले नव्हते. तरी त्याच जूनमध्ये शहरातल्या जोखमीच्या भागांत सुमारे तीन लाख मुलांना इंजेक्शनची लस टोचण्याची मोहीम झाली.

परदेशातही हाच धडा मिळतो, आणि तो प्रतिसादाच्या व्याप्तीविषयी आहे. इस्रायलमध्ये २०१३ साली नेगेव्ह वाळवंटातल्या राहात या बेदुइन शहराच्या सांडपाण्यात जंगली पोलिओ सापडला. देशात तेव्हा फक्त इंजेक्शनची लस दिली जात होती; ती मुलाला लुळेपणापासून वाचवते, पण आतड्यातली लागण पुरती रोखत नाही, म्हणून विषाणू बिनबोभाट फिरत होता. विषाणूच्या खुणा मुख्यतः दक्षिणेत, बेदुइन वस्त्यांत होत्या. तोंडी लशीची मोहीम दक्षिणेत सुरू झाली, पण तिथेच थांबली नाही. ती देशभरातल्या मुलांसाठी राबवली गेली, आणि एकही मूल लुळे पडले नाही. २०२२ मध्ये लंडनच्या बेकटन केंद्रातल्या सांडपाण्यात लशीपासून उपजलेला पोलिओ सापडल्यावर एक ते नऊ वर्षांच्या मुलांना वाढीव डोस देण्याचे ठरले, तेही लंडनच्या सगळ्या विभागांत. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड परगण्यात क्रम उलटा झाला. आधी एक तरुण लुळा पडला, आणि मग करोनासाठी साठवलेले सांडपाण्याचे जुने नमुने तपासल्यावर विषाणू त्याआधीपासून तिथे होता हे कळले. पाणी जमा होत होते, पण पोलिओचा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

करोनाने ही रीत जगभर पोचवली, आणि तिची मर्यादारेषाही धूसर केली. नेदरलँड्समध्ये आमर्सफोर्टच्या सांडपाण्यात मार्च २०२० मध्ये करोनाच्या विषाणूच्या खुणा मिळाल्या, तिथल्या पहिल्या रुग्णांची नोंद होण्याच्या आधी. भारतात अहमदाबादच्या सांडपाण्यावर त्याच वर्षीच्या मे महिन्यात काम झाले, आणि पुढे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी शहराच्या सांडपाण्यातून विषाणूच्या बदलत्या उपप्रकारांचा माग काढला. पण त्याच वर्षी ॲरिझोना विद्यापीठाने एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणू मिळाल्यावर तिथल्या सगळ्या विद्यार्थ्यांची चाचणी करून दोन लागण झालेले विद्यार्थी शोधले. शहर, वस्ती, इमारत: मूर यांच्या कापडाच्या घड्यांसारखे आपण पुन्हा वर वर सरकू लागलो. शिवाय सांडपाणी फक्त रोग सांगत नाही. २००५ साली इटलीतल्या संशोधकांनी पो नदीच्या पाण्यावरून कोकेनच्या सेवनाचा अंदाज बांधला, आणि आज युरोपातल्या अनेक शहरांत अमली पदार्थांसाठी सांडपाणी नियमित तपासले जाते. म्हणून जे म्हणतात की ही सरकारी पाळतीची सुरुवात आहे, त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. त्याचे उत्तर पाणी तपासणे बंद करणे हे नाही. नमुना कुठे घ्यायचा याचा नियम आधीच करणे हे आहे. हजारो लोकांचे पाणी एकत्र येते तिथे घेतलेला नमुना कोणाचे नाव सांगू शकत नाही. वीस खोल्यांच्या इमारतीखाली घेतलेला नमुना जवळजवळ नावच सांगतो. वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांना वेळीच वेगळे ठेवता आले हा फायदा आहेच. पण तीच रीत एखाद्या गल्लीवर, एखाद्या जमातीच्या मोहल्ल्यावर वापरली, तर लोक पुन्हा लपू लागतील, आणि आपण १८९७ च्या पुण्यात परत जाऊ.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो: ज्यांच्याकडे गटारच नाही त्यांचे काय? खड्ड्याचे शौचालय, सेप्टिक टँक किंवा उघडे माळरान, यांतून काहीही शहराच्या पाइपात येत नाही. मेळघाटातल्या पाड्यावरचे मूल या पाहणीत कुठेच नाही. हे खरे आहे, आणि त्यामुळे ही रीत डॉक्टरांच्या नोंदींची किंवा आशाताईच्या फेरीची जागा घेऊ शकत नाही. पण गटार नसलेली वस्ती म्हणजे नमुना नसलेली वस्ती, असे मुळीच नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत शास्त्रशुद्ध गटारे कुठे होती? उघडे नाले बारमाही मैला वाहून नेतात, आणि तपासायला तेवढे पुरते. शिवाय विषाणू गावातून शहरात येतोच. २००१ साली मुंबईच्या पाण्यानेच उत्तर प्रदेशातल्या परिस्थितीची ग्वाही दिली. शहराचे पाणी खेड्याविषयी थोडेफार बोलते. ते पुरेसे नाही, एवढे मान्य करून पुढे जायला हवे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. घाण पाणी तपासण्यावर पैसा घालवण्यापेक्षा ते लोकांच्या दारातून काढा ना. नाला उघडा आहे म्हणून तर नमुना सोपा मिळतो. मग तो उघडाच राहावा, असा या विज्ञानाचा छुपा स्वार्थ नाही ना? इतिहास याचे उत्तर देतो. फिनलंड, इस्रायल, लंडन इथे मैलापाणी बंदिस्त आहे, आणि तपासणी तिथे अधिकच नेमकी होते, कारण कोणत्या भागाचे पाणी कोणत्या नमुन्यात आहे हे पक्के ठाऊक असते. स्वच्छता आणि तपासणी यांत निवड करावी लागत नाही. उलट, उघड्या नाल्यातून माहिती घेणाऱ्या शहरावर त्या नाल्याकाठच्या लोकांचे ऋण चढते. तिथले पाणी तुम्ही सगळ्या शहराच्या रक्षणासाठी वापरले, तर तिथे शौचालय, बंद गटार आणि नळाचे पाणी देणे हा उपकार उरत नाही. तो त्या माहितीचा मोबदला आहे. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराविषयीही हेच. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी आली, तरी माणसे मॅनहोलमध्ये गुदमरून मरतात. पाण्यातला विषाणू मोजणारी प्रयोगशाळा आणि त्याच पाण्यात जीव गमावणारा माणूस एकाच शहरात असतील, तर त्या शहराने आपल्या विज्ञानाचा अर्धाच उपयोग केला.

या शंभर-सव्वाशे वर्षांतून तीन नियम निघतात, आणि माझ्या मते ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक महानगरपालिकेने लिहून ठेवावेत. पहिला: नमुना इतक्या खालच्या प्रवाहात घ्यावा की त्यात हजारो लोक असतील, आणि त्याच्या वर जाण्यासाठी प्रत्येक वेळी स्वतंत्र, जाहीर कारण असावे. दुसरा: निष्कर्ष दडवू नयेत. मैलापाण्याचा आकडा त्या वस्तीच्याच शरीरांतून आलेला असतो, म्हणून तो आधी त्या वस्तीला, तिच्या भाषेत, वेळेवर कळला पाहिजे. तिसरा: विषाणू सापडला की दंड, बंदी किंवा बदनामी यांऐवजी लस, औषध आणि पाणी पोचावे, आणि ते सापडलेल्या ठिकाणापेक्षा मोठ्या परिघात पोचावे. पोलिओ संपवताना नेमके हेच केले गेले, म्हणून लोकांनी दारे उघडी ठेवली. पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल हे ठाऊक नाही. ती आली की पहिला पुरावा बहुधा एखाद्या उदंचन केंद्रातच मिळेल. त्या पुराव्याचे काय करायचे हे साथ येण्यापूर्वी, शांत डोक्याने ठरवून ठेवले, तरच त्या घाईच्या दिवसांत आपण माणसांमागे न धावता साथीला गाठू शकू.